केर्न्सला जरूर जा, पण आधी ती पॉलिसी बघा

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचं पत्र आलंय. वय 46, घरात पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. यंदा भाव बरा मिळाला, हातात 8 लाख आहेत. मे महिन्यात चौघांना ऑस्ट्रेलियात केर्न्सला जायचंय, ग्रेट बॅरियर रीफ आणि डेंट्रीचं जंगल बघायला. खर्च 7 लाख. रोख भरावेत की ट्रॅव्हलवाल्याचा ईएमआय घ्यावा, हा प्रश्न. शेवटी जाता जाता लिहिलंय: 'बँकेत एफडीसारखी पॉलिसी आहे, वर्षाला 1.2 लाख, तीन हप्ते भरले. त्यामुळे पुढची काळजी नाही. मेडिक्लेम काढलेला नाही.'

भाऊ, ईएमआय नकोच. शेतीचं उत्पन्न महिन्याला येत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. पण मला खरी काळजी तुमच्या त्या शेवटच्या ओळीची वाटते.

तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या फोटोत पहिल्याच पानावर ठळक अक्षरात 'जीवन विमा' छापलंय आणि खाली तुमची सही आहे. ही एफडी नाही. पीक कर्जाच्या नूतनीकरणाला गेलात तेव्हा ती तुमच्यापुढे सरकवली गेली, आणि याचा मला संताप येतो. पीक कर्जासाठी अशी पॉलिसी घेण्याची सक्ती कुणीही करू शकत नाही.

हिशोब बघा. बारा वर्षांत 14.4 लाख भरायचे, विसाव्या वर्षी साधारण 25 लाख मिळणार. म्हणजे वर्षाला चार टक्केसुद्धा नाहीत. उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये टाकले, तर आजच्या 7.1 टक्के दराने तेवढ्याच मुदतीत 26-27 लाख होतात. भरलेल्या तीन हप्त्यांचं जे काही मिळेल, ते वेगळं. आणि विमा किती? 12 लाख. तुम्हाला काही झालं तर मुलांची शिक्षणं आणि गावच्या सोसायटीचं कर्ज त्यात भागणार आहे का?

पुढचा हप्ता भरू नका. सरेंडर केली, म्हणजे मधेच मोडून पैसे घेतले, तर आज किती आणि पेडअप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर तशीच चालू ठेवली, तर शेवटी किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागा, मग ठरवू. एक कोटीचा टर्म प्लॅन (मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) आणि चौघांचा 10 लाखांचा मेडिक्लेम मिळून साधारण 70-80 हजारांत बसावेत. आजार असले तर जास्त, पण लपवू नका.

आता सहल. केर्न्सच्या दक्षिणेला इनिसफेल आणि टुली हा ऑस्ट्रेलियाचा केळीचा पट्टा. 2006 मध्ये लॅरी चक्रीवादळाने तिथल्या बागा झोपवल्या, 2011 मध्ये यासीने पुन्हा. मे-जूनच्या वादळात आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. घड भरलेली बाग एका संध्याकाळी आडवी होते. त्या वेळी तुम्ही परदेशात आणि खात्यात फक्त एक लाख, हे मला पटत नाही. 4 लाख एफडीत ठेवा, त्याला हात लावू नका. विमे काढून उरतील ते 3 लाख सहलीच्या खात्यात.

यंदा हौस भागवायचीच असेल तर डिसेंबर-जानेवारीत अंदमानला जा. स्वराज द्वीपला प्रवाळही आहे आणि दाट जंगलही, चौघांचं दोन लाखांच्या आसपास होईल. नाहीतर पुढच्या काढणीची भर घालून केर्न्सला जा, तेही जुलै ते ऑक्टोबरमध्ये. तेव्हा तिथे कोरडा हंगाम असतो, आणि विषारी जेलीफिशचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मे असतो. आणि शेतातले बूट घरीच ठेवा. माती लागलेली असली तर विमानतळावर अडवतात.