आधी कान, मग अँप्लिफायर

अनेक आशीर्वाद.

तीस हजार साठलेत, कुठला अँप्लिफायर घेऊ, असं तू विचारलंस. सांगेन. पण आधी तू मला सांग, चांगल्या आवाजात गाणं ऐकायची ही ओढ लागली कधी? कुणाच्या घरी, काय ऐकताना? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना हा नाद लागला तो पाठ असलेलं गाणं दुसऱ्याच्या घरी ऐकताना, आणि आपण ते आजवर अर्धंच ऐकलं होतं हे कळून.

माझंही तसंच झालं. आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर तो तापेपर्यंत थांबायचं, मग आवाज यायचा. गायिका किशोरीताई आमोणकरांना मी त्यावरच ऐकत आलो होतो. एका रविवारी वाड्यातल्या काकांनी किशोरीताईंची एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, लावली. तबकडी कडांनी तळव्यांत धरली, ब्रशने धूळ टिपली, सुई अलगद टेकवली. थोडी खरखर आणि मग तानपुरे. तोवर तानपुरा म्हणजे माझ्या लेखी मागची गुणगुण होती. त्या दिवशी जवारी, म्हणजे तारांची ती भरलेली झणकार, ऐकू आली. खर्जाची तार छेडली की तिच्यातून हळूच गंधार वर यायचा. तानपुऱ्यावर गंधाराची तार नसते. खर्जाच्या तारेचाच तो उपस्वर, मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारा. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. रेडिओवर तो मला कधीच भेटला नव्हता. घरी येताना जिन्यातही तो कानात होता.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, ख्यालही तेवढ्यातच आटपावा लागे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि एका बाजूला वीसेक मिनिटं देते. काकांकडे ती वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. ती शिस्त मला फार मोलाची वाटते.

काहीजण या नादाकडे दुसऱ्या वाटेने येतात, सोल्डरिंग करून स्वतः अँप्लिफायर जोडण्याच्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड हे सुट्या भागांचे बाजार, तिथून आणलेला ४४४० हा अँप्लिफायरचा आयसी आणि एक ट्रान्सफॉर्मर. आयसीला हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, न लावल्याने बोटाला बसलेला चटका मला अजून आठवतो. हातांनी शिकायचं असेल तर ही वाट जरूर धर.

आता तुझ्या तीस हजारांचं. मोठा वाटा स्पीकरवर घाल. वॅटच्या आकड्यांना भुलू नकोस, कारण वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, म्हणजे जरासाच. त्याउलट स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढलास तर घुमणारा खर्ज आवरतो, आणि त्याला पैसा लागत नाही. दोन स्पीकर आणि तुझी खुर्ची यांचा समभुज त्रिकोण जमव. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भोंगा, कानाच्या उंचीला आण. फरशीवर सतरंजी टाक.

आणि वायरी तपास. माझ्या पहिल्या जोडीत एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली होती. कितीतरी महिने मी खर्ज नाही म्हणून स्पीकरलाच दोष देत राहिलो, ते विकायलाही निघालो होतो. एखादं जुनं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारं, गाणं लाव. गाणारा बरोबर मधोमध उभा राहायला हवा. आवाज विरळ, सगळीकडे पसरलेला वाटला तर एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल कर. अँप्लिफायर बंद करून, हे विसरू नकोस.

दुकानात जाशील तेव्हा तिथलं चकाचक नमुन्याचं संगीत ऐकू नकोस. तुझं पाठ असलेलं एकच गाणं घेऊन जा, प्रत्येक जोडीवर तेच लाव. आवाजाची पातळी सगळीकडे सारखी ठेवायला सांग, कारण जरा मोठं वाजलेलं नेहमीच जास्त चांगलं वाटतं.

पण त्याआधी रविवारी सकाळी माझ्याकडे ये. ते गाणं घेऊन ये, पैसे घरीच राहू देत. तानपुरे सुरू झाले की मी काही बोलणार नाही. गंधार ऐकू आला की तू नुसता हात वर कर.

तुझा,
काका