चाके मोठी बसवली म्हणून अख्खा विमादावा फेटाळता येतो का?

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. माझी पेट्रोल हॅचबॅक बेस मॉडेल आहे, मूळ टायर १६५/८० आर१४. वर्षापूर्वी एका दुकानातून १७ इंची अलॉय आणि २०५/४५ आर१७ टायर बसवून घेतले. ‘आरटीओला चालतं’ असे दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले होते. दोन महिन्यांपूर्वी द्वारका चौकात गाडी सिग्नलला उभी असताना मागून दुसरी कार आदळली. डिकी, बंपर आणि मागच्या पत्र्याचे काम निघाले. त्याच दाव्यात पुढच्या डाव्या टायरला आलेला फुगाही दाखवला. कंपनीने ‘अनधिकृत बदल’ असे कारण देऊन सगळा दावा फेटाळला. दुकानदार आता हात वर करतो. मी काय करावे?

उत्तर : तुमची बाजू चांगली आहे, पण फुगलेला टायर त्यात घालून तुम्ही ती स्वतःच कमकुवत केली आहे. तो आधी दाव्यातून काढा. फुगा येतो टायरच्या आतले धागे तुटल्याने, आणि मागून बसलेल्या धडकेने पुढच्या टायरचे धागे तुटत नाहीत. ते तुटतात खड्ड्याच्या कडेवर टायर रिमपर्यंत दाबला गेला की. १६५/८० टायरची बाजूची भिंत १३२ मिमी उंच असते, २०५/४५ ची जेमतेम ९२. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर हे ४० मिमी कमी पडतात. शिवाय गाडीचे अन्य नुकसान त्याच वेळी झाले असेल तरच नेहमीच्या पॉलिसीत टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. इतक्याशा रकमेपायी सर्व्हेअरच्या मनात संपूर्ण दाव्याविषयी शंका आली. कंपनीला तसे लेखी कळवा आणि दावा फक्त मागच्या भागापुरता ठेवा.

आता बदलाविषयी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. कंपनी तोच निकाल पुढे करेल. त्यावर तुमचे म्हणणे असे : कलमाच्या स्पष्टीकरणानुसार ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतला, मूळ वैशिष्ट्य पालटणारा बदल, आणि खासगी कारच्या आरसीवर सहसा टायरचे माप नसतेच. हा युक्तिवाद करता येतो, पण सगळा भार त्यावर टाकू नका. कलम १८२-अ (४) खाली बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून ही चाके गाडीवर ठेवून भांडू नका.

तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे. बदल नियमबाह्य असला तरी त्याचा अपघाताशी संबंध काय? उभ्या गाडीला मागून धडक बसली, तेव्हा चाके १४ इंची असती तरी डिकी तशीच चेपली असती. नितीन खंडेलवाल (२००८) आणि अमलेंदू साहू (२०१०) या प्रकरणांत पॉलिसीच्या अटीचा भंग असूनही दावा सरसकट फेटाळू नये, ‘नॉन-स्टँडर्ड’ (अटीचा भंग असलेला, म्हणून काही रक्कम कापून मंजूर करायचा) धरून रक्कम द्यावी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. त्या दोन्ही ठिकाणी वाद खासगी गाडी भाड्याने वापरण्याचा होता, चाकांचा नव्हता, पण तत्त्व तुम्हाला लागू पडते. असे दावे साधारण ७५ टक्क्यांपर्यंत मंजूर होतात. तुम्ही पूर्ण रक्कम मागा, मात्र ७५ टक्क्यांचा प्रस्ताव आला तर गंभीरपणे विचार करा. झिरो डेप (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) नसेल तर प्लास्टिकच्या बंपरवर ५० टक्के घसारा कापला जाईल, त्यावरून वाद घालू नका. अलॉय पॉलिसीत नोंदवले नसतील तर त्यांचे पैसेही मागू नका.

क्रम असा ठेवा. फेटाळल्याचे पत्र आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्याची मुदत एक वर्ष, फी नाही, वकीलही लागत नाही. दुसरा मार्ग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा, मुदत दोन वर्षे. आयोगात प्रकरण सुरू असताना लोकपालाकडे जाता येत नाही, त्यामुळे आधी लोकपाल.

एक वाट तुम्ही विचारलीच नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यात सरळ आहे. चूक मागच्या गाडीची होती. तिच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते आणि ते नाशिकच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येते. त्या दाव्यात तुमचे अलॉय फारसे आड येत नाहीत. कलम १६६ (३) ची सहा महिन्यांची मुदत धरून चला. त्यातले दोन महिने गेले आहेत. पोलिसांतली नोंद, त्या गाडीचा क्रमांक, चौकातल्या कॅमेऱ्याचे चित्रण यांच्या मागे याच आठवड्यात लागा. चित्रण फार दिवस ठेवत नाहीत. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून मात्र घेता येणार नाहीत.

चाके उतरवण्याआधी चारही टायरचे फोटो काढा : माप, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा), आयएसआय चिन्ह, उत्पादनाचा आठवडा-वर्ष सांगणारे चार आकडे आणि नक्षीची खोली (कारसाठी किमान १.६ मिमी). रिमच्या आतल्या बाजूला कोरलेली रुंदी आणि ऑफसेटही (रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला टेकते त्या पृष्ठभागाचे मिमीतले अंतर) टिपा. दुकानदाराने बाहेरचा व्यास बरोबर साधला आहे. मूळ टायर ६१९.६ मिमी, नवा ६१६.३, म्हणजे फरक अर्धा टक्का. त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. चूक असलीच तर वजनात आणि रुंदीत सापडेल. मूळ टायर ८५ लोड इंडेक्सचा असेल तर तो ५१५ किलो पेलतो. २०५/४५ आर१७ मध्ये ८४ चा टायर मिळतो, तो ५०० किलोच पेलतो. मूळ रिम ५ इंच रुंद आणि ऑफसेट ४५ असेल आणि नवी ७ इंच व ३५ ची असेल, तर बाहेरची कड सुमारे ३५ मिमी पुढे येते. टायर मडगार्डबाहेर दिसतो आणि पोलीस नेमके त्यालाच अडवतात.

पुन्हा चाके घेताना तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते तेच घ्या. ते १८५/६५ आर१५ असेल, तर व्यास ६२१.५ मिमी आणि ८८ च्या टायरची क्षमता ५६० किलो. मॅन्युअलचे ते पान गाडीत ठेवा. रिमचे मधले भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसते त्या भागापेक्षा) मोठे असेल तर मापाची रिंग हवीच, नाहीतर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) नकोच. आणि नवी चाके विमा कंपनीला ईमेलने कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या.

दुकानदाराविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगात होऊ शकते. बिलावर टायरचे माप असेल आणि ‘आरटीओला चालतं’ हा संदेश मूळ फोनवर असेल, तरच त्यात दम आहे. तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागेल. त्याच्याकडून अलॉय-टायरची किंमत मागा, अपघाताची दुरुस्ती नको. ती त्याच्यामुळे झालेली नाही.