गोळी पचते, जिरते की शोषली जाते?

प्रश्न असा आला आहे : ॲलर्जीच्या गोळ्यांवरच्या लेखात ‘गोळी पचल्यावर तिचं उत्सर्जन होतं’ हे वाक्य चालेल का?

‘पचल्यावर’ काढाच. पचनात पदार्थ मोडतो, भाकरीची भाकरी राहत नाही. शिंका, अंगावरचं पित्त यांसाठी घेतात ती सेटिरिझिन मात्र फारशी मोडत नाही. आतड्यातून ती रक्तात जाते, साधारण तासाभरात तिथलं तिचं प्रमाण सर्वांत जास्त होतं आणि पुढे तिचा बराचसा भाग मूळ रूपातच लघवीवाटे निघून जातो. म्हणून तर मूत्रपिंडं अधू असली की डॉक्टर तिची मात्रा कमी करतात. ‘पचते’ लिहिलंत तर वाचक पोटाचा विचार करील, मूत्रपिंडांचा नाही.

‘जिरते’ हा मला फार जवळचा शब्द. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ यातला. पण जिरण्यात आत मुरणं आहे तसं नाहीसं होणंही आहे. एखाद्याची जिरली की त्याचा तोरा उरत नाही. गोळीतलं औषध तर रक्तात उरतं, तिथेच त्याचं काम सुरू होतं.

तेव्हा ‘शोषली जाते’ हेच नेमकं. ‘शोषण’ हे नाम पाठ्यपुस्तकांत रुळलेलं आहे, पण एरवी ते वाचताच पिळवणूक आठवते. मूळ धातू शुष्, म्हणजे सुकणं. घशाला शोष पडतो तो यातूनच. सर्वसामान्यांसाठीच्या लेखात मी नाम टाळून क्रियापद वापरीन. हिंदीतलं ‘अवशोषण’ उसनं आणायची गरज नाही.

‘उत्सर्जन’ बरोबर आहे. सृज् धातूचा शब्द, ‘विसर्जना’च्या घरातला. मात्र वाट सांगितलीत तर वाक्य जास्त बोलेल. फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्याच दुसऱ्या गोळीचा मोठा भाग शौचावाटे जातो. त्यातलं जे रक्तात शिरलंच नाही, त्याला काटेकोरपणे उत्सर्जन म्हणता येणार नाही. हीच गोळी संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर कमी शोषली जाते. तिथेही ‘नीट पचत नाही’ लिहू नका.

लोराटाडिन या ॲलर्जीच्या आणखी एका औषधाचं यकृतात डेसलोराटाडिन हे वेगळं रसायन होतं. त्याला ‘रूपांतर’ म्हणा.

तुमचं वाक्य सेटिरिझिनपुरतं मी असं लिहीन : ‘गोळी आतड्यातून रक्तात शोषली जाते आणि बरीचशी न बदलता लघवीवाटे बाहेर पडते.’