मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये सभासदांची मराठी नावं भरली की ???? दिसतं आणि तारखेत महिना आधी येतो. सेटिंग कुठे बदलू? की नावं इंग्रजीतच ठेवू?

इंग्रजीत ठेवू नका. कोणीही सांगितलं तरी नाही.

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या सोसायटीची सभासद यादी संगणकावर चढवायची होती, तेव्हा नाशिकहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याने हेच ऐकवलं होतं. "डेटाबेसला मराठी झेपत नाही, नावं इंग्रजीत टाका." संचालक माना डोलवायला लागले, मी अडून बसलो. इंग्रजीत काले आणि काळे एकच, पठारे आणि पाथरेही एकच. उद्या एकाचं कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर चढलं तर निस्तरणार कोण? शेवटी टेबलं मीच नव्याने केली.

मायएसक्यूएलच्या ८.० आधीच्या आवृत्त्यांत डिफॉल्ट कॅरॅक्टर सेट, म्हणजे साठवता येणाऱ्या अक्षरांचा संच, लॅटिन१ होता. त्यात देवनागरी मावतच नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. २०१८ मध्ये ८.० आलं तेव्हापासून देवनागरी मावणारा यूटीएफ८एमबी४ डिफॉल्ट आहे, पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत, 'अल्टर डेटाबेस' चालवूनही नाही. प्रत्येक टेबलवर 'अल्टर टेबल'सोबत 'कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४' चालवा आणि कनेक्शन उघडलं की लगेच 'सेट नेम्स यूटीएफ८एमबी४' द्या.

खरा प्रश्न त्यानंतरचा, तो म्हणजे क्रमाचा. वार्षिक सभेआधी यादी बोर्डावर लावली. क्षीरसागर आडनावाचे एक आजोबा शेवटच्या पानावर, हिरे आडनावाच्या खाली बोट फिरवत राहिले. नाव सापडेना. ते होतं कोल्हे आणि खैरनार यांच्या मधे. आजोबांचंच बरोबर होतं, आपल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ असाच शेवट आहे. काळे हे काशीदनंतर यायला हवेत, तेही आधी आले होते. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "क्रम कोण बघतो?" ज्याचं नाव सापडत नाही तो बघतो!

मायएसक्यूएलमध्ये मराठीचं वेगळं कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम, नाही. म्हणून यादी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेली. तिथे दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू कोलेशन आहेत, म्हणजे भाषेभाषेचे वेगळे क्रम. क्रम लावणाऱ्या 'ऑर्डर बाय'ला 'कोलेट' लावून 'एमआर-एक्स-आयसीयू' द्यायचं, क्ष आपल्या जागी जातो.

तारखेचं म्हणाल तर मायएसक्यूएल ती वर्ष-महिना-दिवस अशीच ठेवतो. दाखवायचा क्रम तुमच्या फॉर्ममध्ये किंवा 'डेट फॉरमॅट'ने ठरतो, तिथे बघा.

हो, हे करण्याआधी बॅकअप घ्या. आणि जिथे आधीच ???? साठवलं गेलंय ती नावं परत येणार नाहीत, कागदावरून पुन्हा भरावी लागतील. पुन्हा कोणी "झेपत नाही" म्हणाला, तर बिल देण्याआधी त्यालाच तुमच्यासमोर बसवून क्षीरसागर, काळे आणि काशीद ही तीन नावं भरायला आणि क्रमाने छापून दाखवायला सांगा.