ईसीजी, ट्रॉपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल, तरी नवऱ्याच्या छातीत दुखतं. नाटक असेल का?

नाही ताई, नाटक मुळीच नाही. महिन्यात तीनदा रात्री कॅज्युअल्टी गाठली, दरवेळी रिपोर्ट नॉर्मल आले आणि 'टेन्शन घेऊ नका' ऐकून परत आलात, असं तुम्ही लिहिलंय. मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. असे पेशंट सारखे बघते.

एक रिक्षावाले दादा आठवतात. घामाने शर्ट ओलाचिंब, ओठांभोवती मुंग्या, दोन्ही हातांची बोटं आखडून चोचीसारखी जुळलेली. 'सिस्टर, माझी पोरगी लहान आहे,' एवढंच म्हणत होते. भीतीने श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या, चक्कर, बोटं आखडणं त्यातूनच येतं. छातीचे स्नायू ताठतात आणि खरोखर दुखतात. हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळलेल्या भीतीचा झटका. साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो, मग ओसरतो. दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस सावरलेला दिसतो, म्हणून घरच्यांना शंका येते.

कॅनडात माँट्रियलच्या हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये छातीत दुखतं म्हणून इमर्जन्सीत आलेल्या ४४१ जणांचा अभ्यास झाला, १९९६ साली तो छापून आला. जवळपास २५ टक्के लोकांना पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे असे झटके वारंवार येण्याचा आजार, होता, आणि त्यातल्या ९८ टक्के लोकांच्या बाबतीत तो डॉक्टरांच्या लक्षातच आला नव्हता. मला सगळ्यात लागतं ते पुढचं: या पॅनिकवाल्यांपैकी चौथ्या हिश्श्याच्या मनात त्याच आठवड्यात जीव द्यायचे विचार येऊन गेले होते. अशा माणसाला 'काही झालेलं नाही' म्हणून घरी पाठवायचं, हे मला पटत नाही.

पण घरबसल्या 'पॅनिकच असणार' असंही ठरवू नका. त्याच अभ्यासातल्या पॅनिकवाल्यांपैकी ४४ टक्के लोकांना आधीपासून हृदयविकारही होता. दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, जबड्यात किंवा हातात गेलं, चालताना वाढलं, तर सरळ १०८ ला फोन.

एरवी सगळे रिपोर्ट घेऊन सायकियाट्रिस्टकडे जा. समुपदेशनाची सीबीटी पद्धत (भीती वाढवणारे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी) आणि गोळ्या, दोन्हींचा चांगला उपयोग होतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद मात्र करू नका. तोवर बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

आणि आज जेवणं झाली की त्यांच्याजवळ बसून सरळ विचारा, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने ते मनात भरत नाहीत. 'हो' म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, तिथूनच १४४१६ लावा.