अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीला इंग्लंडमधल्या मास्टर्ससाठी माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शिष्यवृत्ती मिळू शकते का?

तुम्ही विचारलंय की मुलगी न्यू जर्सीत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढचं मास्टर्स इंग्लंडमध्ये करायचं म्हणते. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या शिष्यवृत्त्या खरंच असतात का, आणि आपल्या मुलांना त्या मिळतात का?

असतात, आणि मिळतात. मी एका अमेरिकन विद्यापीठाच्या फेलोशिप ऑफिसात काम करते. मुलांचे असे अर्ज वाचायचे, त्यांच्याकडून ते पुन्हा लिहून घ्यायचे, मुलाखतीची तयारी करून घ्यायची, हेच माझं रोजचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैसा कोणाचा ते बघा, कारण शोधायचं कुठे हे त्यावरून ठरतं. सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं बहुतेक सरकारी तरी असतात, नाहीतर एखाद्या धनिकाची. मार्शल शिष्यवृत्ती ब्रिटिश सरकार देतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने मार्शल योजनेतून केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून १९५३मध्ये ती सुरू झाली. गेट्स केंब्रिज ही गेट्स फाउंडेशनच्या २१ कोटी डॉलरच्या देणगीवर उभी आहे. ऑक्सफर्डला शिकायला नेणारी ऱ्होड्स निघाली आफ्रिकेत खाणींवर श्रीमंत झालेल्या सेसिल ऱ्होड्सच्या मृत्युपत्रातून, पण आज तिच्यात माजी स्कॉलरांचा पैसाही मोठा आहे. जॉन मॅकॉल मॅकबेन या कॅनडातल्या माजी ऱ्होड्स स्कॉलरच्या प्रतिष्ठानाने २०१३मध्ये साडेसात कोटी पौंड दिले. अमेरिकेतल्या निवड समित्यांवरही बहुतेक माजी स्कॉलरच बसतात. देशाचे १६ विभाग, प्रत्येकातून दोघे, असे वर्षाला ३२ जण निवडले जातात. सर्जन आणि लेखक अतुल गवांदे हे असेच एक माजी स्कॉलर. वडील महाराष्ट्रातल्या उटी गावचे, स्वतः ब्रुकलिनमध्ये जन्मलेले आणि स्टॅनफर्डमधून ऱ्होड्सवर ऑक्सफर्डला गेलेले.

पण तुम्ही ज्याबद्दल विचारताय तो पैसा यापेक्षा शांतपणे काम करतो. प्रिन्स्टनच्या १९६०च्या बॅचमध्ये डॅनियल सॅक्स नावाचा विद्यार्थी होता. फुटबॉलपटू, अभ्यासात हुशार, ऱ्होड्स मिळवून ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात गेलेला. अठ्ठाविसाव्या वर्षी तो कॅन्सरने गेला. त्याच्या वर्गमित्रांनी आणि स्नेह्यांनी त्याच्या नावाने निधी उभा केला आणि प्रिन्स्टनच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी वूस्टर कॉलेजची वाट खुली केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एलेना केगन याच शिष्यवृत्तीवर तिथे शिकल्या. येलमध्ये पॉल मेलन यांनी असंच केलं. ते आधी येलचे, मग केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या पैशातून येलची मुलं क्लेअरला जातात आणि क्लेअरची येलला येतात. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून दरवर्षी काही जण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला जातात, ते गोल्फपटू बॉबी जोन्स यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या शिष्यवृत्तीवर. जोन्स यांनी एमरीतच कायद्याचं शिक्षण घेतलं होतं.

ऱ्होड्ससाठी देशभरातली मुलं अर्ज करतात. सॅक्ससाठी फक्त प्रिन्स्टनची. म्हणजे स्पर्धा आपल्याच वर्गातल्या मुलांशी. तुमच्या मुलीने सगळ्यात आधी स्वतःच्या कॉलेजचं फेलोशिप ऑफिस गाठावं, असं मी म्हणते ते यासाठी. नाव वेगळं असू शकतं, काही ठिकाणी ते ऑनर्स कॉलेजच्या एका खोलीत असतं. तिथे नेमकं विचारायचं: पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना परदेशात शिकण्यासाठी आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेला कोणता निधी आहे? विभागप्रमुखांनाही हेच विचारायचं, कारण काही निधी एखाद्या विभागापुरतेच असतात.

मला मनापासून बोचते ती गोष्टही सांगते. हा पैसा श्रीमंत विद्यापीठांत साठतो, कारण श्रीमंत माजी विद्यार्थी तिथले. सरकारी कॉलेजातल्या तितक्याच तयारीच्या मुलीला तो दिसतही नाही. त्यावर एक वाट आहे, ती म्हणजे जिथे जायचंय त्या टोकाकडून शोधणं. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर अमेरिकन करदात्याला सहसा करसवलत मिळत नाही, म्हणून ब्रिटिश विद्यापीठांनी अमेरिकेत स्वतंत्र धर्मादाय संस्था काढल्या आहेत. केंब्रिज इन अमेरिका, अमेरिकन्स फॉर ऑक्सफर्ड ही त्यातली नावं. तिकडे शिकून परतलेल्या अमेरिकनांच्या देणग्या या संस्थांमार्फत जातात, आणि त्यातला काही भाग शिष्यवृत्त्यांकडे वळतो. मुलीने निवडलेल्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीच्या पानावर 'अमेरिकन नागरिकांसाठी' असं लिहिलेलं प्रत्येक नाव उघडून बघा.

निधी कायमस्वरूपी आहे की दरवर्षी जमवलेला, हेही विचारा. कायम निधीची मुद्दल राखून वर्षाला साधारण चार-पाच टक्के खर्च करतात. एका मुलाचे ६० हजार डॉलर द्यायचे तर बारा ते पंधरा लाख डॉलर बाजूला हवेत. एवढे जमले नाहीत की काय होतं ते आयर्लंडला जाणाऱ्या मिचेल शिष्यवृत्तीत दिसलं. उत्तम नाव, वर्षाला बारा जण, पण पुरेसा कायम निधी उभा राहिला नाही आणि २०२४मध्ये नवी निवड थांबवल्याचं जाहीर करावं लागलं. माझ्याकडे तेव्हा अर्जाच्या तयारीत असलेली मुलं होती. त्यांची उतरलेली तोंडं मी विसरलेले नाही.

आता अर्जाचं. गेल्या वर्षी पाण्याच्या विषयात काम करू पाहणारी एक मुलगी निबंध घेऊन आली. पहिले तीन परिच्छेद आजीच्या गावच्या विहिरीवर. लिहिलं होतं सुंदर, पण ऑक्सफर्डचा तो कोर्सच का, हे शेवटच्या दोन ओळींत. आम्ही दोघींनी कोर्सचं पान उघडलं, एकेक पेपर वाचला. जलधोरणावरचा एक पेपर तिच्या प्रबंधातल्या अडलेल्या प्रश्नाशी थेट जुळत होता. विहीर एका वाक्यावर आली आणि तो प्रश्न वर गेला. समितीवर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ती जागा स्वतः अनुभवलेली असते, त्यामुळे 'जगप्रसिद्ध विद्यापीठ' वगैरे वाचून त्यांना काहीच कळत नाही. हिला तिथे नक्की काय करायचंय, एवढंच ते शोधतात.

वेळेचं म्हणाल तर तिसऱ्या वर्षाचा वसंत हाच मुहूर्त. ऱ्होड्स, मार्शलला कॉलेजची शिफारस लागते आणि त्यासाठीची कॉलेजची अंतर्गत मुदत बहुधा उन्हाळा सरता सरता संपते. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना सुट्टीआधीच गाठायला हवं.

मुलगी सिटिझन आहे की ग्रीन कार्डवर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मार्शल फक्त नागरिकांना मिळते, ऱ्होड्सला ग्रीन कार्डवाल्यांनाही अर्ज करता येतो. मात्र ग्रीन कार्डवर वर्षभराहून जास्त बाहेर राहायचं तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिटचा, म्हणजे परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करावा लागतो, त्यासाठी वकिलाशी बोला. शिष्यवृत्तीतला ट्यूशनचा भाग अमेरिकेत करमुक्त असतो, राहण्या-जेवणाचा भाग करपात्र, पैसे इंग्लंडमध्ये मिळाले तरी. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो, सध्या वर्षाला ७७६ पौंड. तो शिष्यवृत्तीत धरलाय का, हे पत्र हातात आल्याआल्या विचारा. आणि कर्जाच्या भरवशावर बसू नका. २०२५च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६पासून बंद केलं आहे.

मुलीचा विषय आणि कॉलेज सरकारी की खासगी, एवढं खाली लिहा. कुठून सुरुवात करायची ते मी नेमकं सांगते.