बेण्याचे बटाटे: कोंब, फोडी आणि थोडा धीर

लागवड जवळ आली की बेण्याबद्दलचे, म्हणजे लावण्यासाठी ठेवलेल्या बटाट्यांबद्दलचे प्रश्न एकदम वाढतात. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

शीतगृहातून आणलेले बेणे त्याच दिवशी लावले तर चालेल का?

नका लावू. शीतगृहात बेणे साधारण २ ते ४ अंश सेल्सिअसला असते. तिथून ते एकदम उबदार हवेत आले की कंदांना पाणी सुटते, आणि पोती बांधलेलीच राहिली तर त्या ओलीवर कुज झपाट्याने पसरते. आणल्याबरोबर पोती सोडा. वारा खेळेल अशा सावलीच्या जागी कंद एक-दोन थरांत पसरा, सुकू द्या, आणि पुढचे दोन आठवडे तिथेच राहू द्या.

या काळात उजेड हवा, ऊन नको. अंधारात फुटलेला कोंब पांढरा, लांब आणि ठिसूळ होतो. लावताना हातातच मोडतो. उजेडातला कोंब बुटका, जाड, हिरवट किंवा जांभळट होतो. तो एक-दीड सेंटिमीटरचा झाला की बेणे तयार समजा. कंद हिरवे पडले म्हणून घाबरू नका, बेण्याला त्याने काही अपाय होत नाही. फक्त असे कंद स्वयंपाकात वापरू नका, त्यांत सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते.

प्रत्येक बटाट्याला टोकाशी एकच कोंब आला आहे. तो मोडावा का?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे बटाटे किती आणि केवढे मिळणार हे इथे बरेचसे ठरते. ज्या टोकाला डोळ्यांची (कोंब जिथून फुटतो त्या खळग्यांची) दाटी असते, तिथला कोंब आधी जागा होतो आणि बाकीच्या डोळ्यांना दाबून धरतो. तसाच लावला तर खोडे कमी येतात, बटाटे संख्येने कमी पण मोठे मिळतात. तो मोडला की इतर डोळे फुटतात, खोडे वाढतात. बटाटे जास्त, पण आकाराने लहान. तुम्हाला काय हवे, त्यावर ठरवा.

मोडायचाच तर कंद टणक असताना, आणि एकदाच. प्रत्येक कोंब कंदातला साठा खाऊनच वाढतो. कंद मऊ पडून सुरकुतला असेल तर आहे तो कोंब जपा. पुन्हा मोडलात तर नवा कोंब अशक्तच येईल.

बटाटा कापून लावावा की अख्खा?

कोंबडीच्या अंड्याएवढा किंवा त्याहून लहान कंद अख्खाच लावा. मोठा असेल तर कापा, पण फोड ४०-५० ग्रॅमची आणि किमान दोन डोळ्यांची हवी. सुरी देठाकडच्या टोकापासून डोळ्यांच्या टोकापर्यंत उभी चालवा, म्हणजे जोमदार डोळे सगळ्या फोडींना वाटून मिळतात.

खरी चूक कापल्यानंतर होते. ओल्या फोडी ढिगात किंवा उन्हात ठेवल्या जातात. कापलेल्या भागावर खपली धरायला १५ ते १८ अंश तापमान, दमट हवा आणि मोकळा वारा लागतो. असे तीन-चार दिवस द्या. आत काळा किंवा सडका भाग दिसला तर तो कंद फेका आणि सुरी निर्जंतुक केल्याशिवाय पुढच्या कंदाला लावू नका. कापल्यावर आतल्या कड्यातून दुधट चिकट द्रव पाझरत असेल, तर तो जिवाणूजन्य मर रोग असण्याची दाट शक्यता आहे. तिथे हळहळू नका, असे बेणे लावू नका. ते बेणे शेतात गेले की रोग मातीतही मुक्कामाला येतो. जमीन गरम किंवा फार ओली असेल तर फोडी कुजतात, तेव्हा अख्खे बेणेच बरे.

काढून महिना झाला, तरी एकही कोंब नाही. बेणे मेले का?

मेलेले नाही, विश्रांतीत आहे. काढणीनंतर बटाटा वाणाप्रमाणे साधारण दोन-तीन महिने सुप्तावस्थेत असतो, आणि तोवर पाणी, ऊब काहीही दिले तरी तो सहसा हलत नाही. सुप्तावस्था मोडण्यासाठी जिबरेलिक आम्ल हे वाढीचे संप्रेरक वापरतात, पण मात्रा जरा वाढली की कोंब लांबट आणि दुबळे येतात. वेळ हाताशी असेल तर वाट पाहणेच चांगले.

खायला आणलेल्या बटाट्यांना मोड आले आहेत. ते लावू का?

कुंडीत हौस म्हणून लावायला हरकत नाही. शेतात मात्र नको. अशा बटाट्यांना कधी कधी मोडरोधक औषध लावलेले असते. मोड आले म्हणजे तो अडथळा सरला, पण दुसरा धोका मोठा आहे. मावा किडीतून पसरणारे विषाणू कंदात असू शकतात आणि तरी बटाटा बाहेरून निरोगी दिसतो. बेणे म्हणून वाढवलेल्या पिकावर या रोगांसाठी नजर ठेवलेली असते, खाण्याच्या पिकावर तशी नसते.

बेण्याच्या ढिगातही दोऱ्यासारखे बारीक कोंब आलेले कंद दिसले, तर बाजूला काढून टाका.